बोटीवरचा उखाणा

त्या बोटीतून मी उतरलो तेव्हा माझं लग्न संपलेलं होतं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. बोटीत चढताना मला स्वतःला याची काही कल्पना नव्हती, तेव्हा तुम्हाला माझ्याआधी कळावं हे न्यायाला धरून नाही. पुन्हा सुरू करतो.

सात वर्षांपूर्वीची जून महिन्यातली दुपार. प्रागच्या नदीकाठच्या धक्क्यावर आमचा टूर मॅनेजर विहंग पिवळी छत्री उघडून उभा होता. पाऊस नव्हता, ऊनही बेताचंच होतं. छत्री आम्हाला दिसावी म्हणून होती. युरोपभर आम्ही त्या छत्रीमागे चालत होतो. व्हिएन्नात एकदा कुणा परक्या बाईच्या पिवळ्या छत्रीमागे जाऊन आमच्यातली अर्धी मंडळी दातांच्या दवाखान्यात शिरली होती. त्यांतल्या दोघांनी तिथे जाऊन फोटोही काढले होते.

"मंडळी, बोट तासाभराची," विहंग सांगत होता. त्याच्या गळ्यात छोटा स्पीकर लटकलेला असायचा आणि हातात माईक. "जुनं प्राग सगळं नदीतूनच दिसतं. वर उघडा डेक आहे, खाली काचेचा आहे. ज्यांना वारा लागतो त्यांनी खाली बसा, ज्यांना फोटो लागतात त्यांनी वर."

"नदीचं नाव काय म्हणलास?" माने काकांनी विचारलं. हे इस्लामपूरचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले.

"व्लटावा, काका."

"जिभेला गाठ बसंल," काका म्हणाले. "आपली कृष्णा बरी."

माझ्या शेजारी ऋजुता उभी होती. माझी बायको. आमच्या घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडलेला होता आणि आम्ही युरोप बघत होतो.

यात विचित्र काही नाही, नुसता क्रम चुकला होता. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला माझी आई चिपळूणहून आणि तिची आई बार्शीहून आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर जेवायला आल्या होत्या. अर्ज आम्ही त्याआधीच्याच आठवड्यात टाकला होता. जेवणं झाली की दोघींना सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. पण पानं वाढली आणि दोघींनी मिळून एक पाकीट पुढे केलं. दोघींनी आपापल्या भिशीतून आमच्यासाठी युरोपची सहल घेतली होती. मराठी कंपनी, मराठी जेवण, मराठी माणसं. "एकदा जाऊन या दोघं," माझी आई म्हणाली. "घरात फार शांत असता."

नाही म्हणायला दोघांपैकी कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. आम्ही दोघांनी नेमका त्याच वेळी श्रीखंडाचा घास घेतला. तोंड रिकामं होईपर्यंत व्हिसाच्या फोटोंना कुठे जायचं ते ठरून गेलं होतं.

सांगण्यापेक्षा जाणं सोपं होतं, म्हणून आम्ही गेलो.

कोर्टाने विचार करायला सहा महिने दिले होते. पुढची तारीख सतरा जुलै. ऋजुताचा विचार करून झाला होता. एका रविवारी सकाळी मेथी निवडता निवडता तिने मला सांगितलं होतं, "मला नाही जमलं, निनाद."

"काय नाही जमलं?"

"तुझ्यावर प्रेम करायला."

मला वाटलं मेथीच्या पराठ्यांबद्दल बोलतेय. तसं मी म्हणालोही. ती हसली. अर्धा क्षण उशिरा.

आमचं लग्न ठरवून झालेलं. मी साधारण तिसऱ्या भेटीत तिच्या प्रेमात पडलो आणि तिथेच राहिलो. ती पडायची वाट बघत राहिली. मी पीत नव्हतो, ओरडत नव्हतो, टॉवेल पलंगावर टाकत नव्हतो. तिने मन लावून प्रयत्न केला. परीक्षेला बसल्यासारखी ती माझ्या शेजारी बसून क्रिकेट बघायची. मी काही विनोद केला की हसायची, पण नेहमी अर्धा क्षण उशिरा. त्या अर्ध्या क्षणात तिच्या चेहऱ्यावर एक छोटी धावपळ व्हायची. घरात कुणी अचानक आलं की आपण सोफ्यावरचे कपडे उचलतो, तशी.

पण युरोपात ती वेळेवर हसायला लागली.

दातांच्या दवाखान्याच्या वेळी ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. हॉटेलात "नवं जोडपं" म्हणून आमच्या पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून ठेवायचे. मी त्यांना रोज नवीन नावं द्यायचो आणि ती वेळेवर हसायची. मग एका हंसाने केस पुसायची. दोन वर्षांत मी जे ऐकलं नव्हतं ते आठ दिवस ऐकत होतो. मी काही मूर्ख नाही. माणूस वेळेवर हसायला लागलं म्हणजे काय झालेलं असतं, ते मला कळत होतं.

मी ठरवलं, बोटीवर विचारायचं.

बोट सुटली. आम्ही वरच्या डेकवर, मागच्या बाकावर बसलो. आमची सगळी सहल होती, आणि कोपऱ्यात एक वयस्कर जर्मन जोडपं. बोटीतर्फे प्रत्येकाला एक पेय होतं. माने काकांनी बिअर घेतली. डोंबिवलीच्या उपाध्ये काकूंनी गरम पाणी मागितलं. वेटरने तीनदा विचारून खात्री करून घेतली आणि शेवटी कपात पाणी आणि बशीत लिंबाची चकती आणून दिली.

"आज संकष्टी आहे," काकूंनी त्याला मराठीत समजावलं. तो मान हलवून गेला.

"चंद्रोदय किती वाजता, विहंग?" काकूंनी विचारलं.

"इथला खूप उशिरा आहे, काकू. तोवर तुम्ही झोपलेल्या असाल."

"मग उपास सोडू कसा?"

"डोंबिवलीचा धरा. तिकडे तो संध्याकाळी सव्वासहाला उगवतो, म्हणजे आपल्या इथल्या घड्याळाने."

काकूंनी क्षणभर विचार केला. "चालेल. घरी आमच्या पिंट्याला सांगते, गच्चीवर जाऊन बघ आणि फोन कर. नुसतं पंचांग नको."

ऋजुताने ओठ घट्ट मिटून नदीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला फार बरं वाटलं.

"मंडळी, समोर बघा," विहंग माईकमध्ये म्हणाला. "हा जो पूल येतोय, त्याचं नाव आहे मानेस पूल."

माने काकांनी बिअरचा ग्लास खाली ठेवला.

"काय म्हणलास?"

"मानेस, काका. इथले एक चित्रकार होते, त्यांच्या नावाने."

"माने चित्रकार?"

"मानेस."

"स इंग्रजी हाय," काका म्हणाले. "स काढून टाक. आगं ए, ऊठ. फोटो काढ. आपला पूल हाय."

माने काकू उठल्या. काका कठड्याला पाठ लावून छाती काढून उभे राहिले. पूल त्यांच्या डोक्यावरून सरकला. पुढच्या पाच मिनिटांत इस्लामपूरला फोटो पोचला आणि तिथून चुलतभावाचा फोन आला. हा पूल कुठल्या मान्यांचा, आपल्या की बोरगावच्या, असं तो विचारत होता.

"आपल्याच," काका ठामपणे म्हणाले.

ऋजुता आता उघडउघड हसत होती. तिने माझ्या दंडाला धरलं होतं. नकळत धरलं असेल, पण धरलं होतं. डावीकडे जुन्या शहराचे मनोरे होते, उजवीकडे टेकडीवर किल्ला, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मी दंडाकडे बघत होतो.

"निनाद," ती म्हणाली, "तू त्यांना सांग ना, पुढे आपला जोशी पूल पण आहे."

"जोशी पूल अर्धवट राहिला. दुपारी एक ते चार काम बंद असायचं."

ती हसली. वेळेवर. वेळेच्या किंचित आधीच म्हणा ना.

मग चार्ल्स पूल आला. तो सकाळीच आम्ही चालत ओलांडला होता. दोन्ही बाजूंना संतांचे काळे पडलेले पुतळे, आणि पुलावर गर्दी. आता तो खालून दिसत होता, रुंद, दगडी, कमानीमागून कमान.

"सहाशे वर्षांहून जुना," विहंग सांगत होता. "असं म्हणतात, दंतकथा आहे बरं का, की पूल पक्का व्हावा म्हणून चुन्यात अंडी कालवली होती. गावागावांतून गाड्या भरून अंडी आली."

"कसली अंडी?" उपाध्ये काकूंनी विचारलं.

विहंगने माईक खाली घेतला. त्याला आपलं काय चुकलं ते कळलं होतं. "कोंबडीची, काकू."

"ह्या पुलात?"

"असं म्हणतात."

"सकाळी आपण ह्याच पुलावरून चाललो."

"हो."

"आज संकष्टी आहे, विहंग."

"अवो, सहाशे वर्षं झाली," माने काका मध्ये पडले. "आता काय ऱ्हायलं असंल त्यात?"

"अंडं ते अंडं."

"तुम्ही चप्पल घालून चाललाय. पायाला कुठं लागलंय?"

"मी काढली होती चप्पल," काकू खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या. "त्या एका मूर्तीला सगळे हात लावत होते ना. देव कुणाचाही असो, म्हटलं."

यावर डेकवर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं की दंतकथेचा दोष लागत नाही. कुणी म्हणालं, अंडी शाकाहारी असतील. विहंग माफी मागत होता. सगळ्यांची तोंडं पुढच्या बाजूला होती आणि मागच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. कमानीची सावली आमच्यावर आली. दगडाचा गारवा लागला. माझ्या आयुष्यात मला इतका एकांत कधी मिळाला नव्हता, आणि तो अंड्यांमुळे मिळाला होता.

"ऋजुता."

"हं."

"सतरा तारखेला आपण गेलोच नाही तर?"

"कुठे?"

"कोर्टात."

तिने माझ्या दंडावरचा हात काढला. झटकून नाही, अलगद. काच ठेवतात तसा स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"मी वकिलांना विचारलंय," मी म्हणालो. "दोघंही गेलो नाही तर अर्ज आपोआप पडतो. काही करावं लागत नाही. घरी बसायचं नुसतं. तेवढं आपल्याला जमेल."

ती हसली नाही. वेळेवरही नाही आणि उशिराही नाही.

पलीकडे बांध होता. तिथून पुढे बोटी जात नाहीत. बोटीने वेग कमी केला आणि ती त्या रुंद पाण्यात सावकाश वळायला लागली. किल्ला एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला. ऋजुता माझ्याकडे बघत होती. "निनाद," ती म्हणाली, आणि पुढचं बोलायला तिने श्वास घेतला.

"मंडळी, मंडळी," स्पीकर कडाडला. विहंगला अंड्यांवरून लक्ष हटवायचं होतं आणि मराठी माणसांचं लक्ष हटवायचा एकच खात्रीचा उपाय त्याच्याकडे होता. "बोट परत वळलीय, हवा छान आहे, आणि आपल्यातल्या एकाही जोडीने अजून उखाणा घेतलेला नाही. चालणार नाही. माने काकू, तुमच्यापासून सुरुवात."

"नगं बाई," माने काकू म्हणाल्या आणि उठून माईक हातात घेतला.

"मानेस पुलाखालून गेली आमची बोट, शहाजीरावांचं नाव घेते, आवरा आता पोट."

डेक कोसळायचा राहिला. काकांनी बिअरचा ग्लास पाठीमागे लपवला. जर्मन जोडप्याने विहंगला काय चाललंय विचारलं. बायको नवऱ्याचं नाव कवितेत गुंफून घेते, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. त्या आजी कौतुकाने मान हलवत सरसावून बसल्या.

"आता नवं जोडपं," उपाध्ये काकू म्हणाल्या. संकष्टी मोडल्याचं दुःख त्या तेवढ्यापुरतं विसरल्या होत्या. "घे गं ऋजुता. लाजू नकोस. इथे सगळी आपलीच आहेत."

"मला येत नाही, काकू."

"लग्नात घेतला असशील ना?"

"मावशीने लिहून दिला होता."

हे खरं होतं. लग्नात तिने उखाणा ज्या सुरात घेतला, त्या सुरात रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात. मी मात्र माझा स्वतः रचला होता. 'वायफायला लागतो पासवर्ड, कुलपाला लागते चावी, ऋजुताचं नाव घेतो, आता पंगत बसावी.' हॉल डोक्यावर घेतला होता लोकांनी. ती माझ्या शेजारी होती आणि हसली होती. तो उशीर मला पहिल्यांदा तेव्हाच जाणवला होता, पण मला वाटलं, मुंडावळ्या आड येत असतील.

"मावशी इथे नाही, तेव्हा आपल्या मनाचा घे," काकू म्हणाल्या. "कसाही चालेल."

माईक हातोहात मागच्या बाकापर्यंत आला. ऋजुताने तो घेतला. उभी राहिली. एक हात कठड्यावर ठेवला. पुन्हा तो जुना पूल जवळ येत होता. तिने पुलाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे थांबले.

"पूल म्हणतो थांब जरा, नदी म्हणते जाऊ दे," ती म्हणाली. थांबली. तिने माईक दोन्ही हातांनी धरला. "निनादरावांचं नाव घेते, त्यांना सुखी राहू दे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जर्मन आजींनीही. उपाध्ये काकूंनी पदराने डोळे टिपले. "बघा," त्या आजूबाजूच्यांना म्हणाल्या, "नवऱ्यासाठी काय मागितलं पोरीने. सोनं नाही, नाणं नाही."

"चांगला हाय," माने काका म्हणाले. "पण कुठला पूल ते सांगायला पायजे होतं."

ऋजुता खाली बसली आणि माईक माझ्या हातात दिला. आता तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता. त्यावर कुठलीच धावपळ नव्हती.

"निनाद, तुझी पाळी," विहंग ओरडला. "आणि तुझ्याकडून आम्हाला हसवणाराच पाहिजे."

माझ्याकडे हसवणारे दहा-बारा उखाणे तयार होते. दूरच्या बहिणींच्या लग्नांत मला त्यासाठी खास बोलावणी असायची. मी उभा राहिलो.

"ऋजुता," मी म्हणालो.

सगळे पुढचं ऐकायला थांबले. बोट कमानीखाली शिरली. तिथे आवाज घुमतो. माझ्या हातातल्या माईकमधून नुसता माझा श्वास ऐकू येत होता, आणि विहंगच्या गळ्यातला स्पीकर तो मोठा करून सगळ्यांना ऐकवत होता.

"पुढं?" माने काकांनी विचारलं.

"एवढंच."

"यमक कुठं हाय?"

"नाही, काका."

"अगं बाई," उपाध्ये काकू म्हणाल्या, "लाजला."

त्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. विहंग येऊन माईक घेऊन गेला आणि त्याने पुढच्या जोडीला उभं केलं. ती भुसावळची जोडी. त्यांचा उखाणा केळ्यांवर होता. उरलेला मला ऐकू आला नाही.

आम्ही दोघं कठड्यापाशी गेलो. पाणी हिरवट होतं. काठावर हंस होते. खरे.

"आत्ता सुचला?" मी विचारलं.

"हो."

"चांगला होता."

"निनाद, ते उत्तर होतं."

"कळलं मला."

"नुसतं कळलं नको. नीट सांगते, म्हणजे तुला नंतर वेगळं काही वाटायला नको. मी सतरा तारखेला जाणार आहे."

मी बोललो, कारण मला दुसरं काही येत नाही. "मग तू हसतेस का?"

"कधी?"

"आल्यापासून. रोज. तू आधी असं हसायची नाहीस. उशिरा हसायचीस."

तिने चमकून माझ्याकडे बघितलं. "तुला कळायचं ते?"

"हो."

"दोन वर्षं?"

"हो."

ती पाण्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते पण तिने ते पुसले नाहीत.

"मला वाटायचं, मी नीट करतेय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून वाटायचं, आज होईल. तू बोलायला लागलास की मी तयार राहायचे. आता हा हसवणार, आता आपण हसायचं. आणि तू बोलून झालं की वाटायचं, आजही नाही झालं. अर्ज टाकल्यावर ते संपलं. आता तू बोलतोस आणि मी नुसती ऐकते." ती जरा थांबली. "तू खरंच विनोदी आहेस, निनाद. मला माहीतच नव्हतं."

मागे भुसावळचा उखाणा संपला असावा, कारण टाळ्या वाजल्या.

"म्हणजे आता मी तुला आवडतो," मी म्हणालो.

"हो."

"मग?"

"तसा नाही." ती शब्द शोधत होती. ती कधी खोटं बोलली नाही, तिचं सगळं दुखणं तेच होतं. "जसे माने काका आवडतात, तसा."

मी मान हलवली. ऐकून घेतलं.

"पण माने काकांच्या नावाने पूल आहे," मी म्हणालो.

आणि ती हसली. गालांवर पाणी वाहत असताना हसली. मनापासून, अगदी वेळेवर.

मानेस पूल परत आला तेव्हा काका पुन्हा उठून उभे राहिले. या वेळी त्यांनी पुलाला हात केला.

धक्का आला. विहंग छत्री घेऊन सगळ्यांत आधी उतरला आणि डोकी मोजायला लागला. मी उतरलो, मग हात पुढे केला, आणि ऋजुता माझा हात धरून उतरली. मागून जर्मन आजी-आजोबा आले. आजींनी आम्हाला थांबवलं. आधी ऋजुताचे आणि मग माझे हात हातात घेतले. त्या काहीतरी खूप आनंदाने सांगत होत्या आणि त्यातला एकच शब्द मला कळला. त्या आमचं अभिनंदन करत होत्या. बोटीवर आमचं लग्न लागलं असं त्यांना वाटलं होतं. कविता म्हटली, टाळ्या वाजल्या, नवरी रडली, म्हणजे दुसरं काय असणार.

ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"थँक यू," आम्ही दोघंही म्हणालो.

आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेत बराच अनुभव होता.

"जोडीने चला, जोडीने चला," विहंग पलीकडून ओरडत होता. "कुणी मागे राहिलंय का?"

"कुणी नाही," मी सांगितलं.

सव्वासहाला पिंट्याचा फोन आला. डोंबिवलीत ढग होते. उपाध्ये काकूंनी तरीही उपास सोडला. एवढं सगळं झाल्यावर आता चंद्राचं काय घेऊन बसायचं, असं त्या म्हणाल्या. सतरा जुलैला आम्ही दोघंही कोर्टात वेळेवर पोचलो. ती हिरवी साडी नेसली होती. साहेबांनी विचारलं, दोघांचं नक्की आहे ना. ती हो म्हणाली. मी हो म्हणालो. अर्धा क्षण उशिरा.

आईला मी घरी गेल्यावर सांगितलं. तिने विचारलं, "सहलीत भांडलात का रे?" मी म्हटलं, नाही आई, सहल फार छान झाली. हेही खरंच होतं.

आता एवढी वर्षं झाल्यावर माझी तक्रार अशी कुणाविरुद्ध नाही. एक अर्ज मात्र करायचा राहून गेला होता, तो इथेच करून टाकतो.

प्रति,
मा. अधीक्षक,
नदी वाहतूक, प्राग.

विषय : दुपारची फेरी परत न वळवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर विनंती करण्यात येते की, सदर बोट जुन्या दगडी पुलापलीकडे, बांधाच्या अलीकडे, जिथे पाणी रुंद आहे, तिथे थांबवण्यात यावी. ज्या प्रवाशाचा प्रश्न विचारून झालेला आहे आणि ज्याला उत्तर अद्याप मिळालेलं नाही, त्यास त्याच बाकावर, त्याच जागी, कायम ठेवण्यात यावं. शेजारच्या प्रवाशाने बोलण्यासाठी घेतलेला श्वास सोडण्यास पुढील आदेशापर्यंत मनाई असावी. इतर मंडळींना दुसऱ्या बोटीने धक्क्यावर पोचवण्यास अर्जदाराची हरकत नाही. त्यांना संध्याकाळचं जेवण वेळेवर लागतं.

कार्यवाही करून तसं कळवावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
निनाद